चहाचा थांबा

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलवत नाही, म्हणून लिहिते. हे गेल्यापासून मी तुमच्याकडे फिरकले नाही, त्याचं कारण नुसतं दुःख नाही. गेली काही वर्षं मला लघवी अडखळत होते. जोर करावा लागतो, पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही, वरचेवर जळजळ आणि ताप. सगळे इन्फेक्शनच्या गोळ्या देत राहिले.

फक्त ह्यांना ठाऊक होतं. प्रवासात मी काही म्हणायच्या आत हे हॉटेलपाशी गाडी थांबवायचे, चहाची तल्लफ आली म्हणायचे. मी आत जाऊन येईपर्यंत अर्धा कप पिऊन तयार असायचे. आता बसच्या ड्रायव्हरला कोण सांगणार? कोर्टात साहेब उठेपर्यंत स्टेनोला उठता येत नाही, म्हणून दिवसभर पाणी पीत नाही.

नव्या डॉक्टरीणबाई म्हणतात, मूत्रमार्ग आकसलाय. दोनदा रुंद करून झाला, पुन्हा आकसला. आता गालाच्या आतलं अस्तर काढून तिथे जोड देणार. क्वचित नंतर लघवीवरचा ताबा सैल पडतो म्हणे. तसं झालं तर नोकरी गेलीच. तरी करायचं ठरवलंय. सोबत याल का?

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.

आपली,
धाकटी भावजय


ता. १४ फेब्रुवारी

प्रिय स्टेनोबाईस,
अनेक आशीर्वाद.

आधी का नाही सांगितलंस म्हणून चार शब्द सुनावणार होते. पण माझ्या भावाच्या चहाचं कोडं सुटलं आणि शिलाई मशीनवर बसून रडले. लग्नाआधी तो चहाला शिवत नव्हता. मला वाटायचं, तुझ्या संगतीने बिघडला.

जन्मभर शिवणकाम केलंय, तेवढंच मला कळतं. तोकडी बाही ओढून लांब होत नाही, एका धुण्यात पुन्हा वर जाते. जोडच द्यावा लागतो. पण डॉक्टरीणबाईंना विचार, अशी ऑपरेशनं किती केली, गळायला लागलं तर पुढे काय. भिऊन नको म्हणू नकोस आणि माझ्या भरीला पडून हो म्हणू नकोस. गालाची काळजी सोड. इतक्या वेळा फुगवलास, चांगला ऐसपैस असेल.

दुकानाला कुलूप लावून येते.

माया आहे, रागही आहे. दोन्ही असू दे.

तुझी ताई


ता. २० मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही परत गेलात आणि घर एकदम गप्प झालं. तोंडातले टाके विरघळलेत, पण बोलताना गाल ओढतो. शेजारीण म्हणते, ही एरवीही गाल फुगवूनच बोलते, फरक काय पडला ते कळत नाही.

ऑपरेशनच्या कागदावर सही करण्यापूर्वी तुमचे दोन्ही प्रश्न विचारले होते. बाईंनी आकडे सांगितले, पण हमी देणार नाही म्हणाल्या. गळायला लागलं तर व्यायाम आहेत, उपचार आहेत. हमी दिली नाही, म्हणूनच मला विश्वास वाटला. उद्या लघवीची नळी निघेल. जे होईल ते, पण पाणी न पिता बसणं पुन्हा करणार नाही.

आठवण असू द्यावी.

आपली,
स्टेनोबाई


ता. ३० जून

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. सुरुवातीला खोकला आला की थोडं गळायचं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. आता तेही थांबलंय. आज कामावर बाटलीभर पाणी प्यायले आणि साहेब उठेपर्यंत बसले. आकसणं परत येऊ शकतं, म्हणून तपासणीला जात राहणार.

एक सांगायचं राहिलं. तुमच्याकडून येताना, हे नेहमी गाडी थांबवायचे, त्याच हॉटेलपाशी बस थांबली. मला जायची गरज नव्हती, तरी उतरले आणि चहा मागवला. इतक्या वेळा तिथे थांबलो, पण मी कधी घोटही घेतला नव्हता. ताई, तो चहा फार वाईट आहे. हे अर्धा कप तरी कसा पीत असतील कोण जाणे.

मी पूर्ण संपवला.

माया आहे तशीच ठेवा, चौकशा कमी केल्यात तरी चालेल.

आपली,
स्टेनोबाई