नुसती चाल

आबा, यंदा पाडव्याच्या दुपारी मी पुन्हा तीन पत्तीला बसले. तुम्ही गेल्यापासून पत्त्यांना हात लावला नव्हता. सिडकोतल्या आमच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली, चिंचोके वाटून घेतले आणि माझ्या मुलीसमोर बसले तुमचे मेव्हणे, आमचे मामा. ऐंशीला टेकलेत, पण खेळ तोच. पत्ते न बघता ब्लाइंड खेळायचं, मूठभर चिंचोके मधे आपटायचे आणि वर दम द्यायचा, "हाय का हिंमत? नसंल तर टाक पत्ते." मुलगी बिचकून पत्ते टाकायला निघाली आणि मला देवगाव रंगारीची आपली ओसरी दिसली.

मी बारा वर्षांची आहे. मामांनी असंच दटावलंय, हातात नव्व्यांची जोडी असून मी पत्ते टाकलेत, आणि मामांकडे निघालंय काहीच नाही. मी रडकुंडीला आलेय. तुम्ही अडकित्ता खाली ठेवता. "त्याच्या आवाजाशी नको खेळू, पोरी. जोडी हाय ना? मग टाकायचं नाय अन् वाढवायचं बी नाय. नुसती चाल देत ऱ्हा. वरडून वरडून त्योच दमतो." पुढच्या डावात मी तसंच केलं, आणि मामांचे चिंचोके माझ्या ओंजळीत मावेनात. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "पर ध्यानात ठिव, वरडणाऱ्याची पानं कवा कवा खरंच भारी निघत्यात. चार चाली झाल्या की शो मागायचा. बघून घ्यायचं."

हे दुसरं मी विसरले. तुमच्यासारखा, जन्मात आवाज न चढवलेला माणूस शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात नर्सवर, माझ्यावर ओरडत होता. "मला घरी ने. आत्ताच्या आत्ता ने." मला वाटलं, दुखण्याचा त्रागा आहे, ओसरेल. तुमचीच विद्या मी तुमच्यावर चालवली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "उद्या बघू, आबा," म्हणत पेज भरवत राहिले. चौथ्या दिवशी तुम्ही भिंतीकडे तोंड करून गप्प झालात. लाज वाटते सांगायला, पण मला जिंकल्यासारखं वाटलं. खाली जाऊन मी निवांत चहा प्यायले. दोन दिवसांनी तुम्ही गेलात, त्याच खाटेवर. एकदाही तुमच्या उशाशी बसून मी विचारलं नव्हतं की आबा, घरी कशाला जायचंय.

पाडव्याला मुलीला तुमचं पहिलं सांगितलं, दुसरंही सांगितलं. तिनं शो मागितला. मामांकडे खरंच तीन राजे होते. ती हरली आणि हसत सुटली, आणि मी चहा टाकायचं निमित्त करून आत गेले. ओट्याशी उभी राहून खूप रडले.

हा कागद चिंचोक्यांच्या डब्यात ठेवणार आहे. सगळ्यांना मी आजवर सांगत आले की डॉक्टरांनी सोडलं नाही. आबा, तुम्ही ओरडायला लागलात त्याच दिवशी डॉक्टर मला म्हणाले होते, न्यायचं तर घेऊन जा. घरी तुमच्याजवळ एकटीनं बसायची भीती मला वाटली होती.