राखणदाराचा वाटा

आई, आपल्या घरात सध्या एक घोर अन्याय चालू आहे. एवढा दोन दारांचा फ्रिज, आणि त्यात चॉकलेटला जागा नाही. म्हणजे कप्पा आहे, पण शेजारी लसणाची चटणी, हिंग आणि चिरलेला फणस नांदतात, आणि शेजारधर्म म्हणून आपापला वास सगळ्यांना वाटतात. तुझी नात नोकरी सोडून घरीच चॉकलेटं करायला लागली आहे. पहिल्या घाण्याचा डबा तिनं ग्वाल्हेरला मैत्रिणीच्या लग्नाला जाता जाता माझ्या हवाली केला; रविवारी परत येते, मग सोबत उघडू म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, तंबी मात्र हिंदीत देते. "मम्मा, फ्रिज में मत रखना, गंध पकड़ लेगा. और खाके सच-सच बताना." सगळ्या गावाला टोमणे मारणाऱ्या माझ्यासारख्या आईकडून खरं ऐकायचं म्हणजे पोरगी धीराची. थंड, कोरडी, अंधारी जागा शोध म्हणे. वैशाखात, झाशीत! अशी जागा फार तर बँकेची तिजोरी, आणि मॅनेजर काही माझ्या ओळखीचा नाही.

मग तू आठवलीस. शेजारचे सुभेदारकाका बबिन्याच्या लष्करी कँटीनमधून चॉकलेटची वडी आणायचे, आणि तू ती कागदासकट जिन्याखालच्या कोठीत, गव्हात कोपरापर्यंत हात घालून खुपसायचीस. मी मागे भुणभुण करतेय, तू हात झटकत म्हणतेस, "गहू तापत नाहीत, तूच तापतेस." कीड लागू नये म्हणून त्याच गव्हात कडुनिंबाचा पाला. परिणाम असा, की हॉस्टेलात पहिल्यांदा दुकानातलं ताजं चॉकलेट खाल्लं तेव्हा मी ते नकली ठरवलं. कडुनिंबाचा वासच नव्हता त्याला. आणि वडी फोडली की पहिला तुकडा तुझा. राखणदाराचा वाटा. त्यावर अपील नसे.

यंदाचे गहू मोठ गावाहून आलेत, पाला लक्ष्मी गेटजवळच्या झाडाचा. डबा खोल पुरला. पाल्याचा वास आत शिरू नये म्हणून झाकणाला कणीक लिंपायचं मात्र मला सुचलं ते दुसऱ्या दिवशी.

रविवारी काढला, तर चॉकलेटं जशीच्या तशी. पहिला तुकडा मी गुपचूप वाटीत बाजूला काढला. तिनं एक जिभेवर ठेवला आणि भुवया वर गेल्या.

"मम्मा, ये पीछे-पीछे कड़वा-सा क्या है?"

"तुझी आजी," मी म्हटलं.

तिनं दुसरा तुकडा घेतला, मलाही दिला, आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. टोमणे जिभेवर हजर होते. चॉकलेटबरोबर गिळले. "चांगलं झालंय," मी म्हटलं, "विकशील तर लोक परत येतील." तेव्हा ती हसली, तोंड भरलेलं असताना, अगदी तुझ्यासारखी.

युक्ती तुझी, तेव्हा वाटाही तुझाच. ती वाटी कोठीच्या झाकणावर ठेवली आणि हात जोडले. हे पत्र टाकायला पेटी कुठली, तेही तिथंच वाटीखाली ठेवते आहे. फक्त एवढंच, की आता वाटी रिकामी आहे. घरात मी मुंग्यांचं नाव सांगितलंय.

मुंग्या नव्हत्या. यंदा राखण माझी होती.