वस्तरा हाती घेतल्यामुळे केलेली निरवानिरव

मी, खाली सही करणार, धंद्यानं पाट्या रंगवणारा, गल्लीत 'पेंटर' म्हणून ओळखला जाणारा, पूर्ण शुद्धीवर आणि डोकं जागेवर असताना हे लिहून ठेवतो. डोक्याबद्दल कोणाची हरकत नाही. हाताबद्दल आहे, ती पुढे येईलच. सदर मृत्युपत्र मी स्वखुशीनं, कोणाच्याही दबावाखाली न येता करत आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरी गोष्ट अशी की माझी पत्नी या क्षणी माझ्या पाठीशी उभी आहे आणि "आधी कागद करा, मग त्या वस्तऱ्याला हात लावा" हे तिचं पालुपद सकाळपासून चालू आहे. तिचा उल्लेख यापुढे 'ही' असा येईल. लग्न झाल्यापासून मी तिला दुसऱ्या कशानंही हाक मारलेली नाही, आता कायद्याच्या कागदापुरतं नवं नाव कुठून आणू?

ही वेळ का आली ते आधी नोंदवतो, नाहीतर माझ्यामागे भलतंच सांगितलं जाईल. गल्लीच्या तोंडाशी सलून आहे. त्याच्या मालकाला सगळे मास्तर म्हणतात. त्यानं माझी दाढी करायची आणि मी त्याची पाटी रंगवायची, असं आमचं तरुणपणापासून चालत आलं. अलीकडे मी त्याला नवी पाटी रंगवून दिली. ती त्यानं उतरवली आणि तिथे छापील, चकचकीत पाटी लावली. छापली कोणी, तर माझ्या थोरल्या मुलानं! मी दोघांनाही सलूनमध्येच गाठलं.

मास्तर म्हणाला, "अरे, अक्षरांवरची रेघ बघितलीस का स्वतः? वर-खाली झालीय. गिऱ्हाइकं विचारतात मला."

थोरला म्हणाला, "बाबा, हात हलतो तुमचा. किती दिवस लपवणार? ब्रश ठेवा आता. कामशाळा मला द्या, मी तिथे छपाईचं मशीन बसवतो."

खुर्चीत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आमच्याकडे टकामका बघत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "हात हलतो काय? वस्तरा धरून दाखवू?" थोरला माझ्याच वळणावर गेलेला. म्हणाला, "दाखवा! उघड्या वस्तऱ्यानं स्वतःची दाढी करा, रक्ताचा थेंब न काढता. पुन्हा कामशाळेचं नाव घेणार नाही. येत्या रविवारी येतो बघायला." म्हणजे पैज कामशाळेवर लागली, आणि कामशाळा गेली तर सकाळी उठून मी जायचं कुठे, हे कोणी मला सांगितलेलं नाही.

कलम एक. राहतं घर हिचं, तहहयात. त्यानंतर दोन्ही मुलांचं, सारखं. हिच्या हयातीत कोणीही तिला "आमच्याकडे येऊन राहा" असा आग्रह चौथ्यांदा करू नये. तीन वेळा चालेल, तेवढं तिला आवडतं.

कलम दोन. बँकेत जे काही आहे ते हिचं. किती आहे ते मला विचारू नका, तिला ठाऊक आहे.

कलम तीन. माझे सगळे ब्रश धाकट्या मुलीला. ती शाळेत चित्रकला शिकवते. पैजेचं कळल्यावर तिनं फोन करून "बाबा, तुम्ही ना अगदी लहान मुलासारखे आहात" असं म्हटलं आणि लगेच "व्हिडिओ काढा हं" असंही म्हटलं. ब्रश तरीही तिलाच. धुऊन, केस सरळ करून, आडवे ठेवायचे. उभे ठेवले तर मी वर बसून तळमळेन.

(उठलो होतो. आरशात जाऊन आलो. पुन्हा बसलो.)

कलम चार. कामशाळा. मी जिवंत असेपर्यंत ती माझी. माझ्या पश्चात थोरल्याची. पण माझ्या जिवात जीव असेस्तोवर तिथे मशीन येणार नाही, मशीनची तार येणार नाही, मशीनवाला माणूस चहालासुद्धा येणार नाही. किल्ली माझ्या खिशात राहील.

कलम पाच. मास्तरनं उतरवलेली पाटी कामशाळेत उभी आहे. मी गेल्यावर ती त्याच्या सलूनसमोर नेऊन ठेवावी, अक्षरं रस्त्याच्या बाजूला करून. त्याला रोज दिसली पाहिजे.

ही म्हणते, असं काय लिहिता, माणूस तुमचा मित्र आहे. मित्र आहे म्हणूनच तर लिहितोय! परक्यानं पाटी उतरवली असती तर मी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं.

आता वस्तऱ्याविषयी, काही दिवसांनी पुन्हा लिहायला बसून. बाजारातून आणला तो हल्लीच्या पद्धतीचा आहे, दांड्यात अर्धी ब्लेड घालायची, काम झालं की ब्लेड फेकून द्यायची. दुकानदार म्हणाला, "काका, घरी वापरायला? साधं रेझर घ्या ना." मी पैसे मोजून काउंटरवर ठेवले. पहिला सराव फुग्यावर केला. फुग्याला फेस लावायचा आणि तो न फोडता वस्तऱ्यानं काढायचा, असं शिकाऊ कारागीर करतात म्हणे. आमच्या घरात तेव्हापासून फटाफट आवाज होत होते. प्रत्येक आवाजाला ही आतून ओरडायची, "गेलात का?" मी म्हणायचो, "आहे." एकदा मुद्दामच उत्तर दिलं नाही, तर हातातलं लाटणं घेऊनच धावत आली आणि मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

चेहऱ्यावरचा पहिला हात फिरवायच्या दिवशी मास्तर आला. मी बोलावलं नव्हतं, हिनं बोलावलं होतं. मी तोंड फिरवलं. तो मोरीशेजारच्या स्टुलावर बसला आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाला, "गरम पाण्याचा टॉवेल ठेवलास का गालावर? नाही? मग काय सुकी दाढी खरवडणार? ठेव आधी."

ठेवला. फेस लावला. तो म्हणाला, "डाव्या हातानं कातडी वर ताण. पातं गालावर जवळजवळ झोपव, थोडंसंच उचल. दाबायचं नाही. केस ज्या दिशेनं वाढलेत त्या दिशेनं खाली आण."

खाली आणलं. सुर्रर्र असा बारीक आवाज आला. काय सांगू, जन्मात कधी एवढा आनंद झाला नसेल! आणि तिथेच घोटाळा झाला. आम्ही पाटीवाले चपट्या ब्रशानं अक्षराचा दांडा खाली ओढतो, आणि शेवटी ब्रश किंचित बाजूला सरकवतो, म्हणजे दांड्याचा पाया चौकोनी, साफ येतो. सगळं आयुष्य तेच केलंय. जबड्यापाशी पोचलो आणि हातानं आपणहून तेच केलं, वस्तरा बाजूला सरकवला. पातं कधीही धारेच्या रेषेत आडवं सरकवायचं नसतं. लाल रेघ उमटली.

"अरे, अक्षर काढतोयस का गाढवा!" मास्तर ओरडला.

मी आरशात पाहिलं आणि म्हटलं, "रेघ सरळ आहे की नाही बघ."

त्यानं खरंच वाकून पाहिली. "सरळ आहे," म्हणाला, आणि आम्ही दोघं हसत सुटलो. हिनं तुरटी आणली, माझ्या गालावर दाबली आणि म्हणाली, "हसा. दोघंही हसा. तुमचं नाक वर राहावं म्हणून माझ्या घरात गळे कापले जाणार आहेत." तिचे डोळे भरले होते. तेव्हा मला वाटलं, सोडून द्यावं सगळं. पण मग जायचं कुठे, हा प्रश्न तसाच होता.

त्या दिवसापासून मास्तर सलून उघडायच्या आधी येऊ लागला. ओठावरची जागा कशी ताणायची, हनुवटीला वळसा कसा घालायचा, गळ्याला मान मागे टाकून हलक्या, तुटक हातानं कसं उतरायचं, सगळं त्यानं शिकवलं. पाटीबद्दल तो बोलला नाही, मीही बोललो नाही. कलम पाच मात्र मी अजून खोडलेलं नाही. तूर्त तसंच राहू द्यावं.

पुढचं रविवारी दुपारी लिहितो आहे.

थोरला आला. मास्तर आला. कोपऱ्यावरचा डॉक्टरही आला, हिनं त्याला पट्ट्या घेऊन बोलावलं होतं. मोरीच्या दारात एवढी गर्दी, की मला आरशात माझ्यापेक्षा तेच जास्त दिसत होते. उजवा गाल झाला. डावा झाला. ओठ झाला. गळ्याला आलो तेव्हा मी डोकं मागे टाकलं आणि आरशात थोरल्याकडे नजर गेली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाबा, पुरे," तो म्हणाला. "मी हरलो. खाली ठेवा." मी ठेवला नाही. फेस संपेपर्यंत उतरलो, तोंड धुतलं, पांढऱ्या टॉवेलनं पुसलं आणि टॉवेल त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटून पालटून पाहिला. मग माझ्या हनुवटीखाली बोट फिरवलं, लहानपणी त्याचं तोंड धुतल्यावर मी फिरवायचो तसं. म्हणाला, "जिंकलात. शब्द दिलाय, पुन्हा कामशाळेचं नाव घेणार नाही." मास्तरनं माझी पाठ एवढ्या जोरात थोपटली की तेव्हा हातात वस्तरा असता तर पैज गेलीच असती.

जेवणं झाली. ही आडवी झाली. मला काही चैन पडेना. गुळगुळीत गालावर सारखा हात जात होता. कामशाळेत गेलो, फळी घेतली, काळा रंग घोटला आणि एकच रेघ ओढली, अक्षरांवर असते ती. हलली. म्हटलं, जेवण जास्त झालं. दुसरी ओढली. तीही हलली. ब्रश बदलला, उभं राहून बघितलं, श्वास धरून बघितलं. प्रत्येक वेळी रेघ हललीच.

तेव्हा लक्षात आलं. वस्तऱ्याला गालाचा आधार असतो. एका हातानं कातडी ताणलेली असते, पातं तिच्यावर टेकलेलं असतं, हात हलला तरी तो धरला जातो. ब्रशाला कोणी धरत नाही. पैज मी जिंकली ती दाढीची. मास्तरची पाटी वाकडीच होती. मी त्या फळीपुढे बसून रडलो, आणि हे मी लिहून ठेवतो, कारण नंतर विचारलं तर नाही म्हणेन.

म्हणून कलम चार रद्द. कामशाळा थोरल्याची, आणि माझ्या पश्चात नव्हे, उद्यापासून. हे मृत्युपत्रात बसत नाही एवढं मला कळतं, किल्ली मी संध्याकाळी स्वतः नेऊन देईन. त्याला सांगेन की जिंकलो म्हणून दिली, हरलो असतो तर दिली नसती. तो त्यावर विश्वास ठेवेल. खरं कारण तो हा कागद उघडेल तेव्हा वाचेल, आणि तेव्हा वाद घालायला मी नसेन.

कलम पाचही रद्द. ती पाटी फोडून चुलीत घालावी. मास्तरला पुन्हा दाखवू नये.

साक्षीदारांनी फक्त माझी सही होताना पाहावी, वरचा मजकूर वाचू नये. मास्तर आणि डॉक्टर जेवून अजून बाहेर गप्पा मारत बसलेत, कागद दुमडून त्यांच्यापुढे केला आहे.

शेवटचं. माझी सही शहरातल्या कितीतरी पाट्यांच्या खालच्या कोपऱ्यात आहे, आणि तिच्याशी कोणी ही सही ताडून पाहील. जुळणार नाही. या कागदावरची सही हललेली आहे. ती खोटी नाही, जबरदस्तीनं घेतलेली नाही, दुसऱ्या कोणाची नाही. आता माझी सही अशीच येते.

स्थळ: राहतं घर, मोरीशेजारचं टेबल
दिनांक: पैजेचा रविवार, ही झोपेतून उठायच्या आत

सही: पेंटर

साक्षीदार १: मास्तर, सलून, गल्लीच्या तोंडाशी
साक्षीदार २: डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना. सही करणारा पूर्ण शुद्धीवर असून त्याच्या चेहऱ्यावर कोणतीही जखम नाही.