पित्ताची गोळी

प्रिय छोट्या,

दोन मुलांचा बाप झालास तरी माझ्या लेखी तू छोट्याच. फोनवर तू तीन-तीनदा म्हणालास, "ताई, तू होतीस म्हणून आई वाचली." मी नुसतं हं हं केलं आणि विषय बदलला. तेव्हापासून ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून हे मोबाईलवर लिहून पाठवतेय.

आईचं बरं चाललंय. स्वतःच्या हाताने जेवते, चादर कशी ओढायची ते नर्सबाईंना शिकवते. कधी मला तुझ्या नावाने हाक मारते आणि मग स्वतःच खजील होते. डावी पापणी मात्र अजून अर्धीच उघडते.

ती पापणी मी आधीच पाहिली होती रे. मंगळवारी सकाळी केस विंचरता विंचरता तिचं डोकं दुखायला लागलं. हळूहळू नाही, एका क्षणात. "असं जन्मात कधी दुखलं नाही गं, मागून कुणी हातोडा घातल्यासारखं," म्हणाली. उलटी झाली, मान आखडली. मी ड्युटीवर निघाले होते. पित्त असेल म्हटलं, गोळी दिली, पडदे ओढले. पापणी उतरलेली दिसली, तर वाटलं झोप येतेय. बारा वर्षं सीटी स्कॅनच्या मशीनवर बसते मी! अशी तक्रार लिहिलेला कागद हातात आला की त्या पेशंटला रांग मोडून आत घेते. स्वतःच्या आईला गोळी देऊन निघून गेले.

बुधवारी ती धड जागीच होईना, तेव्हा आमच्याच हॉस्पिटलात नेलं. स्कॅन मीच केला. मेंदूच्या तळाशी पाणी असतं, ते चित्रात काळं दिसायला हवं. तिथे पांढरीफटक चांदणी उमटली होती. रक्त. रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरबाई मागे उभ्या होत्या; त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग शिरेतून औषध सोडून रक्तवाहिन्यांची चित्रं घेतली. पापणी उचलणाऱ्या नसेला खेटून मटाराएवढा फुगा, फुटलेला. त्याच दिवशी मांडीतून नळी घालून तो आतून तारेने बंद केला. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, "पुन्हा फुटला असता तर आमच्या हातात काही नव्हतं. चोवीस तास नशिबावर काढलेत." तू ज्याचं कौतुक करतोस ते हे.

हे सांगायला मला तीन आठवडे लागले, आणि आजही कदाचित लिहिलं नसतं. पण राहवेना म्हणून मी माझंही डोकं तपासून घेतलं. माझ्यातही तसाच एक फुगा आहे, अजून न फुटलेला. परवा बंद करणार आहेत. घरात दोघींना निघालाय, म्हणजे तुझी तपासणी व्हायलाच हवी, असं डॉक्टरबाईंनी बजावलंय. सुई नाही, काही नाही, अर्धा तास एमआरआयमध्ये निपचित पडायचं. गप्प पडणं तुला जमत नाही, ठाऊक आहे, तरी करच. माझा राग आला असेल तर इथे येऊन तोंडावर भांड. पण उद्याच ये. आईला माझ्या ऑपरेशनचं मी काहीच सांगितलेलं नाही, आणि परवा तिच्या उशाशी घरचं कुणीतरी हवं.

तुझीच,
ताई