पालथं टोपलं

लंडन, जानेवारी १९३४

चि. सौ. द्वारकेले आशीर्वाद. मायच्या पायावर डोकं.

मी खुशाल हाय. थंडी लय, पण मायनं देल्लेली घोंगडी पांघरून अभ्यास करतो. मुलखामुलखाचे पोलीस चोर कसा हुडकतात, हेच माह्यं शिकणं. परवा वर्गात आपल्या इंझोरीची रीत सांगतली. चोराच्या पावलाचा ठसा मोडू नये म्हणून त्याच्यावर टोपलं पालथं घालतात, मंग माग काढणाऱ्याले बलावतात. सायेब लोकं खूश झाले. गायीनं कालवड देल्ली का?

इथलोक मायले वाचून दाखव. पुढचं मनात वाच.

कापसाच्या जिनातल्या चौकीदाराचा खून झाला अन् पाटलानं आपल्याच आंगणात टोपलं पालथं घातलं, असं तू लिवलं. तू ते हळूच उचलून पाह्यलं. पावलाले करंगळी नाही म्हणतेस.

आता त्याले हात लावू नको. आंगण झाडू नको, सडा टाकू नको. पाऊल मोडलं तर मोडणाऱ्यावरच आळ येते, मुलूख कोणताबी असो.

पुंजा कुठं हाय? माह्या धाकल्या भावाचं नाव तुह्या पत्रात कुठंच नाही. गाडीच्या चाकाखाली त्याची करंगळी गेली, तवा मीच त्याले खांद्यावर घेऊन घरी आलो होतो.

बोटीले दोन-तीन हप्ते लागतात. तवरोक माग काढणारा येऊन गेला असंल.

वर्गात एकानं विचारलं, तुमचा हा माग काढणारा कधी चुकते का? मी छाती फुगवून म्हटलं, कधीच नाही.

द्वारका, या खेपी तो चुकला, एवढंच लिवून धाड.

तुहा,
उकंडा