चवीपुरता खेळ

गुरुवार, ता. १४

चि. टिल्लीस,

अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टर म्हणतो जिना टाळा, ती म्हणते वर राहतो तर काय उडत जाऊ? दुकान चालू आहे. परवा समोरचा चष्मेवाला कॉम्प्युटर घेऊन आला, फार तापतो म्हणाला. मी चालू केला, कान लावला आणि सांगितलं की पंख्यात केस अडकलेत, मांजराचे. "आमच्याकडे मांजर नाही हो." उघडलं तर मूठभर मांजराचेच निघाले. आता तो घरी कुणाला जाब विचारतोय देव जाणे.

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. तीन वर्षं आपलं बोलणं आईमार्फत चाललंय. "त्यांना सांग गोळ्या वेळेवर घ्या." "तिला सांग घेतल्या." फोन करता आला असता, पण तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी गोड बोललो असतो. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून माझी जीभ गुळगुळीत झाली आहे, हे तुझंच वाक्य. कागदावरचं पलटता येत नाही आणि दुसऱ्याला दाखवता येतं. मला ते दाखवायलाच हवंय.

सोमवारी तुमची तिघा भागीदारांची बैठक आहे असं कळलं. तुमचा कॉम्प्युटरवरचा खेळ बाजारात यायच्या अठरा दिवस आधी नेटवर फुकट फिरायला लागला. फिरणाऱ्या कॉपीत जी गुप्त खूण सापडली ती तुमच्या चित्रकाराच्या, म्हणजे आपल्या लांब्याच्या कॉपीची. म्हणून लांब्याला काढायचं, आणि का काढलं ते या धंद्यातल्या चार लोकांना कळवायचं, म्हणजे त्याला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. तू त्याला खोदून खोदून विचारलंस, तर म्हणे "माझ्याकडूनच गेलं" यापलीकडे त्यानं तोंड उघडलं नाही.

त्यानं ते केलेलं नाही. मला हे कसं ठाऊक ते लिहितो, पण मला माझ्या चालीनं येऊ दे.

माझी चवीची डिस्क तुला माहीतच आहे. दुकानात मशीन कुणाचंही येवो, त्यात नवा खेळ दिसला की आधी तो आपल्या डिस्कवर, आणि तिथून गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवर. एक पैसा घ्यायचा नाही. फक्त बजावायचं, आधी खेळून बघा, आवडला तर विकत घ्या. दुसऱ्याच्या दुकानात स्टुलावर बसून मी धंदा शिकलो, तेव्हा मालक बंद खोकी विकायचा, आणि घरी जाऊन उघडलं की माणसं शिव्या घालत परत यायची. त्या शिव्या खायला मी पुढे असायचो. तेव्हाच ठरवलं, आपल्या दुकानातून कुणी न चाखता काही घेणार नाही. कापडवाला कापड चुरगळू देतो, कलिंगडवाला फोड कापून देतो, मग खेळांनीच काय घोडं मारलंय?

आणि माणसं घेतात, हे खोटं नाही. ते मला ऐकू येतं. "शेवटपर्यंत चांगला आहे का हो?" असं जो विचारतो, तो विकत घेतो. "बघतो" म्हणणारा कधीच घेत नाही. दातांचे डॉक्टर आधी चाखून मग घेतात, त्यांचं अख्खं कपाट भरलंय. उलट शिंपीमामा आठ वर्षं बघतायत.

तू दहा वर्षांची असताना काउंटरवर पाय हलवत बसली होतीस. मी कुणाला तरी हे कलिंगडाचं ऐकवत होतो, आणि तू मध्येच म्हणालीस, "बाबा, तो फोड देतो. तुम्ही अख्खं कलिंगड देता." गिऱ्हाईक एवढं हसलं की पेन ड्राइव्ह विसरून गेलं. मीही हसलो. पुढे वीस वर्षं तो विनोद मी माझाच म्हणून सांगितला.

तीन वर्षांपूर्वी तू आणि लांब्या चार दिवस घरी राहिलात. घरभर माइक घेऊन आवाज गोळा करत होतात. नळ, कपाटाची बिजागरी, आईची हाक, जिन्याची करकर. लांब्या पायरीवर पालथा पडून होता आणि आई त्याला ओलांडून येता-जाता म्हणायची, "अरे, तुला पुसून काढायचं का फरशीबरोबर?" शेवटच्या दिवशी जेवताना तू मला विचारलंस, "बाबा, माझा खेळ आला की तोही त्या डिस्कवर जाणार का?" मी म्हणालो, "चांगला असेल तर लोक घेतीलच. नसेल तर फुकटातही कोण खेळतंय?" लांब्याचा हात ताटातच थांबला. तू मात्र शांतपणे जेवलीस, ताट घासलंस, आणि सकाळी गेलीस. तुम्ही बापलेक ओरडून भांडला असतात तर बरं झालं असतं, असं आई अजून म्हणते.

तर सात आठवड्यांपूर्वी दुकानात एक लॅपटॉप साफ करायला आला.

आईचाच होता.

तुझ्या आईला धीर धरवत नाही. खेळ आल्यावर तू पाठवणारच होतीस, पण तिनं लांब्याला फोन करून करून भंडावलं. "माझा आवाज जगानं ऐकायच्या आधी मला ऐकू दे की रे. मी काय कुणाला सांगायला जातेय?" त्यानं तिला स्वतःची कॉपी पाठवली. तुला सांगू नका म्हणाला, तेवढं आईनं पाळलं. मला तिनं काहीच सांगितलं नाही, नुसता लॅपटॉप दिला. "घरघर करतोय, बघा जरा." मी तो दुकानात नेला, पंखा पुसला, आणि खेळ दिसला म्हणून सवयीनं डिस्कवर घेतला.

'सवयीनं' या शब्दावर आधीचे दोन कागद फाडले. म्हणून आता नीट लिहितो.

मी आधी तो खेळ चालू केला. पडदा जवळजवळ काळा, घरात दिवे गेलेले, आणि खेळातली मुलगी नुसत्या आवाजावर दार शोधत निघते. चौथी पायरी करकरली आणि मी उठून उभाच राहिलो. तो जिना मी बावीस वर्षं चढतोय. मग आईची हाक आली. आणि मग भिंतीपलीकडून एक माणूस खोकला. सकाळचा पहिला चहा घ्यायच्या आधीचा माझा खोकला.

टिल्ले, मला फार बरं वाटलं. वाटलं, पोरीनं बापाला ठेवलं खेळात.

त्याच दिवशी दातांचे डॉक्टर आले. मी म्हणालो, "डॉक्टर, हे ऐका. हा खोकला कुणाचा?" मग पाळणाघराच्या बाई, शिंपीमामा, चष्मेवाला, जो येईल त्याला ऐकवला आणि ऐकवला की द्यायचाही. हे घ्या, घरी शांतपणे खेळा, माझ्या मुलीचा आहे. यात चव नव्हती आणि धंद्याचं कुठलं तत्त्वही नव्हतं. मी मिरवत होतो. मुलगी बोलत नाही हे जिथे सगळ्यांना माहीत आहे, तिथे मला दाखवायचं होतं.

आणखी एक लिहायचं राहतंय. खेळ उघडला की आधी एक पाटी येते. 'ही प्रत फक्त कामासाठी आहे, कुणाला देऊ नये', आणि खाली लांब्याचं नाव. ती पाटी मी वाचली होती. चष्मा लावून वाचली. पहिल्याच दिवशी, डॉक्टर यायच्या आधी.

दुसऱ्यांदा खेळलो तेव्हा खोकल्यापाशी लक्ष देऊन ऐकलं. पहिल्या वेळी मला वाटलं होतं की मुलगी बापाला भेटायला थांबते. तसं नाही. ती श्वास रोखते. खोकला दूर जाईपर्यंत भिंतीला चिकटून राहते आणि तो गेला की मग पुढचं पाऊल टाकते. हे कळल्यावरही मी कॉपी देत राहिलो. फक्त "खोकला माझा" म्हणायचं बंद केलं.

एकूण एक्केचाळीस जणांना दिला. त्यातल्या कुणी नेटवर चढवला ते मी शोधलं नाही आणि शोधणारही नाही. सांडणाऱ्याच्या हातात भांडं मीच दिलं.

खेळ बाजारात आल्यावर मी त्या एक्केचाळीस जणांना विचारत फिरलो. मला वाटलं, निदान निम्म्यांनी तरी घेतला असेल, मग तुझ्यासमोर उभं राहायला तोंड मिळेल. आवडला का? सगळ्यांना आवडला. चष्मेवाल्याची बायको आईच्या हाकेपाशी रडली म्हणे. मग घेतला का? दातांचे डॉक्टर, ज्यांचं कपाट मी आयुष्यभर पुरावा म्हणून दाखवत आलो, ते काय म्हणाले माहीत आहे? "अहो, तीन तासांत संपला की. पुन्हा कशाला घेऊ? छान होता पण. मुलीला सांगा." एकट्या पाळणाघराच्या बाईंनी घेतला, तोही बहिणीला द्यायला.

म्हणजे तुझा खेळ चांगला होता, आणि तरी लोकांनी घेतला नाही. त्या दिवशी जेवताना मी जे बोललो ते खोटं निघालं. बाकीच्या खेळांबद्दल माझं मत अजून तसंच आहे, निदान अर्धं तरी. महिनाभर चालणारे मोठे मोठे खेळ लोक चाखतात आणि घेतात, हे मी ऐकलेलं आहे. पण तुमच्यासारख्या तीन तासांच्या खेळात फोड आणि कलिंगड वेगळं काढता येत नाही, एवढं मला आता कळलं. पन्नाशी उलटल्यावर कळलं. तुला दहाव्या वर्षी कळलं होतं.

लांब्याचं आईला रविवारी समजलं. तू फोनवर सांगितलंस, आणि ती "अगंबाई" म्हणून गप्प बसली, ते तुला खटकलं असेल. लगेच तिनं त्याला फोन लावला. मी शेजारीच होतो आणि माझे कान तुला माहीत आहेत. तो म्हणाला, "काकू, कॉपी माझी होती, मीच बाहेर दिली, मग माझ्याकडूनच गेली ना? तुम्ही तिला काही सांगू नका. ती आधीच बाबांशी बोलत नाही." आईनं त्याला गाढव म्हटलं. तो म्हणाला, "हो काकू." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "परक्याचं पोर तुमचं पांघरूण झालंय. तुम्ही लिहिता की मी बोलू?" मी म्हणालो, लिहितो. तरी त्यानंतर चार दिवस गेले. तेही लिहून ठेवतो.

सोबत एक वेगळा कागद आहे. त्यावर माझं पूर्ण नाव, दुकानाचा पत्ता, तारखा आणि मी काय केलं एवढंच आहे, सहीसकट. कॉपी लांब्यानं फक्त तुझ्या आईला ऐकायला दिली होती, हेही त्यात आहे. तेवढी चूक त्याची आहेच, ती लपवून त्याचं भलं होणार नाही. तो कागद तुझ्या दोन्ही भागीदारांना दे. ते वकिलाकडे गेले तर जाऊ देत. दुकानाचं काय व्हायचं ते होईल. मी स्टुलावरून सुरुवात केली होती, मला स्टूल माहीत आहे. त्यांना अडवू नकोस आणि माझ्यासाठी शब्दही टाकू नकोस.

लांब्याला मी कळवलेलं नाही. त्याला कळलं तर तो हा कागद तुला भागीदारांना दाखवूच देणार नाही. बैठकीत तो समोर असतानाच वाच. मोठ्यानं वाच.

मला उत्तर नको. क्षमा मागायला हे पत्र नाही. ती मागायची तर तुझ्यासमोर येऊन मागावी लागेल, आणि मी आलो की तू श्वास रोखून भिंतीला चिकटशील, एवढं मी ऐकून आहे. मंगळवारी लांब्या कामावर आला का, तेवढं आईला सांग. ती फोनवर बोलत असेल तेव्हा मी शेजारच्या खोलीत असेन. खोकणार नाही.

तुझा बाप, आणि तुझा खेळ पहिल्यांदा चोरणारा,

बाबा