छत्री, जुनं मशीन, नवं मशीन

१२ मे १९९६, रविवार
मुंबईच्या टीव्हीवाल्या बाईंचं पत्र आलं. कार्यक्रम १६ जूनला, रविवारी सकाळी. तंजावूरच्या मराठी लोकांवर. जानेवारीत कॅमेरा घेऊन आली होती ती मंडळी. ओसरीवर बसवून मजला तासभर बोलतं केलं. बाई म्हणाल्या, आजोबा, किती गोड बोलता तुम्ही.

हे वादिराजानं ऐकायला पाहिजे होतं. माझा चुलतभाऊ. पुण्यात मिलिटरीच्या हिशेबाच्या ऑफिसात काही वर्षं काढली, तेवढ्या भांडवलावर जन्मभर आमची मराठी दुरुस्त करतो. म्हणतो, कृष्णाजी, तुझी मराठी म्हणजे वेष्टी नेसून वर चढवलेला कोट.

मुलाची, साईरामची, मद्रासला बदली झाली. जूनअखेर बायको-पोरीला घेऊन जाणार. भुवना अकरा वर्षांची. मराठी सगळी समजते, बोलत नाही. नात माझी, आणि मजला आजोबा सोडून तमिळ तात्ता म्हणते. काल खडसावून विचारलं तर तमिळमधून म्हणाली, वादिराज तात्ता सांगतात तुमची मराठी खरी नाही, मग खोटी शिकून काय करू. मी म्हणालो, मुंबईच्या टीव्हीनं खरी ठरवली तर? म्हणाली, मग बोलेन. तुमच्याशी मराठीतच बोलेन, मद्रासहून फोनवरसुद्धा.

शब्द दिला आहे. हातावर हात मारून.

केबलवाल्याकडे मराठी चॅनेल नाही. गच्चीवर छत्री घ्यायची, डिश अँटेना. कार्यक्रम घरातल्या दोन्ही व्हिडिओ मशीनवर उतरवायचा. एक कॅसेट भुवनाला, एक वादिराजाच्या तोंडावर. मेकॅनिक नको. जन्म राइस मिलमध्ये गेला. बेल्ट कुठून निघतो आणि कुठे जातो एवढं कळलं की सगळं कळलं.

हे सगळं इथे मोकळं लिहितो. घरात दुसऱ्या कोणास ही अक्षरं येत नाहीत.

१८ मे
छत्री आली. मोट्टमाडीवर चढवली. गल्लीत एवढ्या मोठ्या गच्चीवर एवढी मोठी वस्तू दुसऱ्या कोणाची नाही. दुकानदार सुब्रह्मण्य म्हणाला, माणूस पाठवतो, दिशा धरून देईल. मी म्हणालो, सूर्य रोज आपणच उगवतो, त्यास दिशा कोण धरून देतो? गेला.

जुनं मशीन मेव्हण्यानं सिंगापूरहून आणलेलं. कॅसेट वरून घालायची, इडलीच्या भांड्यासारखं झाकण. नवं साईरामचं, रिमोटवालं, हलकं. साईराम म्हणतो, अप्पा, जुनं टाकून द्या. मी म्हणालो, दोन्ही हातांत धरून बघ, कशात माल जास्त आहे.

२१ मे
छत्रीची वायर सरळ जुन्या मशीनमध्ये घातली. टीव्हीवर मुंग्या. नव्यात घातली. मुंग्या. साईराम म्हणाला, मध्ये रिसीव्हर लागतो, तो खोक्यातच आहे, पुस्तक वाचा. पुस्तक इंग्रजीत, आणि त्यात पहिली चार पानं काय काय करू नये याचीच. असलं पुस्तक लिहिणाऱ्यानं आयुष्यात काही केलं नसणार.

रिसीव्हर मध्ये घातला. मुंग्या जरा कमी वाटल्या.

२६ मे, रविवार
दिशा धरली. मी वर, बायको नागलक्ष्मी जिन्यात, भुवना टीव्हीपुढे. नियम केला, ओरडायचं ते मराठीत. मी छत्री हलवणार, भुवना सांगणार, नागलक्ष्मी वर पोचवणार.

नियम बरोबर होता, माणसं चूक होती. भुवना “वरलै” म्हणून ओरडे, म्हणजे आलं नाही. मी म्हणे, मराठीत. ती विचार करी. तेवढ्यात चित्र येऊन जाई. एकदा खरंच आलं होतं म्हणे, पण “आलं आहे पण हलत आहे” हे मनात जुळवून होईपर्यंत मी छत्री ओरत्तनाडू गावाच्या बाजूला फिरवली होती. नागलक्ष्मी मध्येच उठून गेली, सांबार लागलं म्हणाली. सांबाराचं निमित्त हिला बायकोपण मिळाल्यापासून आहे.

सून गायत्री म्हणाली, मामा, तिला तमिळमध्ये ओरडू द्या ना, काम होईल. मी म्हणालो, काम कशासाठी चाललंय तेच तुला कळलं नाही.

३० मे
वर जाऊन बघतो तर छत्रीत नागलक्ष्मीचे वडाम, तांदळाचे सांडगे, वाळत घातलेले. जुनी साडी पसरून, नीट ओळीनं. म्हणाली, इतकं छान ऊन दुसरीकडे कुठे एका जागी गोळा होत नाही. एवढ्या दिवसांत त्या छत्रीत पहिल्यांदा काहीतरी आलं, असंही म्हणाली.

वडाम काढले. ते काढताना धक्का बसला आणि खाली चित्र आलं. चिनी बाई बातम्या देत होती. नागलक्ष्मीनं शेवटपर्यंत बघितल्या. म्हणाली, बाई शांत आहे.

४ जून
मराठी चॅनेल लागलं. मी देवळात गेलो होतो तेव्हा साईरामनं वर जाऊन हात लावला म्हणे. जागेवर मीच आणून ठेवली होती, त्यानं बोट लावलं एवढंच.

बातम्या चालू होत्या. बाई फार भराभर बोलते. रिसीव्हरचं स्पीड जास्त असणार. भुवनानं विचारलं, काय म्हणते? मी म्हणालो, पाऊस पडला. ती म्हणाली, पण आग दाखवतात. मी म्हणालो, म्हणूनच. पाऊस पडला असता तर लागली नसती.

रिसीव्हरचं स्पीड कमी करायचं बटण शोधायचं.

९ जून, रविवार
दोन्ही मशीनं एका रांगेत जोडली. छत्री, रिसीव्हर, जुनं, नवं, टीव्ही. एकच मशीन चालू ठेवलं तर चित्र स्वच्छ. दोन्ही लावली की पडद्यावर आडव्या लाटा, एका चुलीवर दोन जावा. साईराम म्हणाला, दोन्ही एकाच नंबरावर चित्र फेकतात, एकाच्या मागचा स्क्रू फिरवा. मी म्हणालो, चालत्या मशीनचा स्क्रू मी मिलमध्ये कधी फिरवला नाही.

त्याऐवजी रांग बदलली. नवं आधी, जुनं नंतर. लाटा उभ्या झाल्या.

तीन दिवस बोलून शेवटी आज साईरामनं स्क्रू फिरवला, मी त्याला डोळ्यांनी परवानगी दिल्यावर. लाटा गेल्या. दोन्हींवर थोडं थोडं उतरवून बघितलं, दोन्ही स्वच्छ. जुन्यात आवाज जास्त भारदस्त. मी म्हणालोच होतो.

स्पीडचं बटण सापडलं नाही.

१५ जून
आपल्या मराठी लोकांच्या सगळ्या घरांत जाऊन सांगून आलो. खुर्च्या भजनमठातून आणल्या. वादिराजाकडे मुद्दाम गेलो. म्हणालो, पुढची खुर्ची तुझी. म्हणाला, येतो की, कृष्णाजी, मला टीव्हीवरची मराठी ऐकायला आवडतं. उद्या बघतो काय काय आवडतं ते.

भुवनाला आठवण करून दिली. म्हणाली, माहीत आहे तात्ता. आज शेवटचं तात्ता, असं म्हणालो तिला.

१६ जून, रविवार. सांज
दोन्ही मशीनं वेळेवर चालू केली. सगळं काही बरोबर जोडलेलं होतं. हे आधी लिहून ठेवतो.

हॉल भरला होता. राजवाडा दाखवला, गोपुर दाखवलं, वीणा करणारा दाखवला. मग मी. ओसरीवर, ती इस्त्रीची वेष्टी नेसून. खाली नाव. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी तोंड उघडलं, माझा एक शब्द ऐकू आला, आणि त्या शब्दावर दुसराच कोणी माणूस येऊन बसला. ओठ माझे हलतात, आवाज त्याचा. गुळगुळीत, घसा खाकरून आलेला, बातम्यांतला. भराभर बोलणारा. अधूनमधून त्याच्या खाली मी ऐकू येत होतो, बंद दारामागे कोणी बोलावं तसा.

सगळे पडद्याकडून माझ्याकडे बघायला लागले. नागलक्ष्मी म्हणाली, अहो, हे कोण बोलतंय? हनुमंतरावांना कमी ऐकू येतं, ते म्हणाले, आवाज फार उत्तम आहे. मागून कोणी विचारलं, काय म्हणताहेत? कोणी सांगेना. कोणास कळत नव्हतं. माझ्याकडे बघत होते, मी बोललेलो म्हणून. मी म्हणालो, जरा ऐकू द्या.

तेव्हा वादिराज पुढच्या खुर्चीवरून उठला. लोकांकडे तोंड करून, टीव्हीच्या बाजूला उभा राहून, मी काय बोलतोय ते त्यानं तमिळमध्ये सांगितलं. माझ्या हॉलमध्ये. वाक्याला वाक्य. म्हणाला, कृष्णाजी सांगतोय, तीनशे वर्षं आम्ही आमची भाषा जशीच्या तशी जपली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तासभर बोललो होतो. कॉफी फिरायच्या आत संपलं.

जाताना वादिराज म्हणाला, चांगलं बोललास. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

१७ जून
वायरचा दोष. दुसऱ्या कुठल्या चॅनेलचा आवाज मध्ये शिरला. छत्री मोठी घेतली की असं होतं, नको ते गोळा करते. साईरामला सांगितलं. तो म्हणाला, अप्पा, ते त्यांनीच केलंय, महाराष्ट्रातल्या लोकांना कळावं म्हणून. मी म्हणालो, तुला स्क्रू एवढा फिरवायला कोणी सांगितला होता?

जुन्या मशीनची कॅसेट लावली. तोच माणूस. नव्याची लावली. तोच. जुन्यात जरा भारदस्त.

२० जून
सुब्रह्मण्याला बोलावून रिसीव्हर दाखवला. त्यास तमिळमध्ये समजावलं की माझ्या तोंडात दुसऱ्याचा आवाज येतो. त्यानं नागलक्ष्मीला बाजूला घेऊन विचारलं, ह्यांची तब्येत बरी आहे ना.

२९ जून
साईरामची मंडळी गेली. त्याचं नवं मशीन इथेच ठेवून गेला. स्टेशनवर भुवनाला म्हणालो, आपलं ठरलं होतं. ती म्हणाली, पण टीव्हीनं तुमची मराठी घेतलीच नाही ना. मी म्हणालो, वायरचा दोष होता. तिनं बापाकडे बघितलं. साईराम सामान मोजत होता. गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून तमिळमध्ये जाऊन येते म्हटलं. कॅसेट पिशवीत घालून दिली होती. घरी आलो तर टीव्हीवर ठेवलेली.

३० जून, रविवार
उपाय सापडला. आधी का सुचला नाही म्हणून स्वतःवर रागावलो, पण सुचला मलाच.

जुन्या मशीनमध्ये कॅसेट लावायची, तिथून नव्यात उतरवायची. मशीन ते मशीन. चित्राची वायर जोडायची, आवाजाची नाही. आवाजाच्या भोकात भजनमठाच्या माइकची वायर. चित्र माझं, आवाज माझा. तिसरी कॅसेट भुवनाला पोस्टानं मद्रासला.

पहिल्या झटक्यात जुळलं. एक लाट नाही. साईराम असता तर त्यास दाखवलं असतं. नागलक्ष्मीला म्हणालो, पंखा बंद कर, आवाज जाईल. माइक तोंडाशी धरला. नव्याचं लाल बटण दाबलं, जुनं चालू केलं. मी पडद्यावर आलो, ओठ हलायला लागले.

काय बोललो होतो ते आठवेना.

पुन्हा मागे घेतली. नाव सांगितलं, गाव सांगितलं, पुढे ओठ चाललेले आणि मी गप्प. नागलक्ष्मीला विचारलं, जानेवारीत मी त्या बाईंना काय सांगितलं? म्हणाली, मी त्यांची कॉफी करत होते, आणि तुम्ही रोज जे सांगता ते मी ऐकत नाही. आवाजाची वायर लावून त्या माणसाचं बोलणं तीनदा ऐकलं. चार शब्द लागले. तीनशे वर्षं, आणि भाषा.

ते सगळं ज्याला कळलं असा गावात एकच माणूस आहे. वाक्याला वाक्य सांगितलं होतं त्यानं. लक्षात असणारच. तसल्या गोष्टी तो विसरत नाही.

नाही जाणार.

मशीनं जोडून तशीच ठेवली आहेत. वादिराज सांजेस घरी असतो.